साबणाने धुतलेली जीभ

परभणीतल्या एका इंग्रजी शाळेत वर्गात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा तोंडातून निघाली की पाच रुपये दंड आहे. शाळेचे नाव लिहीत नाही. अशा शाळा आता प्रत्येक तालुक्याला आहेत. आमच्या नात्यातल्या चौथीतल्या एका मुलीने मध्यंतरी असे वीस रुपये भरले. पैशांचे आम्हाला फार वाटले नाही. वाटले ते त्यानंतरचे. पालकसभेच्या दिवशी अम्मीला ताप होता, म्हणून नानी निघाली. तर मुलगी दारातच म्हणाली, "नानी, तुम नक्को आओ. आए तो भी टीचर के सामने कुछ बोलना नक्को."

नानीने बुरखा काढून खुंटीला अडकवला आणि ती ज्वारी निवडायला बसली. दिवसभर त्यावर एक शब्द बोलली नाही.

गंमत अशी की मुलीने भाषेची लाज सांगितली तीही त्याच भाषेत. हा "नक्को" आपल्या दखनीने मराठीच्या "नको"वरून घेतला, त्याला शतके झाली. उत्तरेकडच्या उर्दूवाल्यांना तो ऐकून हसू येते. आपल्या घरांत मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. घरात दखनी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी, मदरशात उर्दू आणि अरबी, असा आपल्या मुलांचा दिवस जातो. यातली कोणती भाषा बाहेर काढायची आणि कोणती लपवायची, हे त्यांना कोणी न सांगता कळू लागते.

त्याच आठवड्यात आम्ही अमेरिकेतल्या चेस्टर नेझ यांची हकिकत वाचत होतो. लपवायला लावलेल्या भाषेची याहून मोठी गोष्ट आम्हाला माहीत नाही, म्हणून ती आज वाचकांपुढे ठेवतो.

नेझ हे नवाहो जमातीचे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या कोरड्या पठारावर हे लोक मेंढ्या राखून राहतात. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांची शेते आणि फळबागा उजाड करून हजारोंना शेकडो मैल पायी हाकलले होते. कितीतरी वाटेत आणि छावणीत मेले. १८६८ च्या तहानंतर उरलेले आपल्या मुलखात परतले. त्याच तहात मुलांच्या शिक्षणाची अट होती, आणि शिक्षण म्हणजे इंग्रजी, असे सरकारने ठरवले होते.

चेस्टर १९२१ चा. आई लहानपणीच गेली. आजीच्या हाताखाली मेंढ्यांमागे फिरत तो वाढला. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला सरकारी वसतिगृहाच्या शाळेत घातले. "चेस्टर" हे नाव शाळेने चिकटवले. नवाहो शब्द बोलताना सापडले की मार मिळे, नाहीतर कपडे धुण्याच्या साबणाने तोंड धुतले जाई. मुले अंधारात, अंथरुणात, कुजबुजत आपल्या भाषेत बोलत. पोटभर जेवणही मिळत नसे. पुढे १९३० नंतरच्या दशकात सरकारने ठरवले की नवाहोंच्या मेंढ्या फार झाल्या, कुरणे संपत आहेत. सरकारी माणसांनी मेंढ्या मारल्या आणि जाळल्या. नेझ यांच्या घरचा कळपही त्यात गेला. ज्यांच्या दारात चार शेळ्या बांधलेल्या आहेत, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि अमेरिका युद्धात उतरली. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर अमेरिकनांचा एक अडचणीचा प्रश्न होता. ते जो गुप्त संदेश पाठवत तो जपानी उकलत. जपान्यांकडे उत्तम इंग्रजी जाणणारे, खुद्द अमेरिकेत शिकलेले लोक होते. तेव्हा फिलिप जॉन्स्टन नावाच्या एका गृहस्थाने मरीन सैन्याला कल्पना सुचवली. तो पाद्र्याचा मुलगा, नवाहो मुलांबरोबर खेळून वाढलेला. त्याचे म्हणणे, ही भाषा बाहेरचा माणूस मोठेपणी शिकूच शकत नाही. तिचे स्वर, तिची क्रियापदे अशी की एका झटक्याच्या फरकाने अर्थ पालटतो.

मग जिथे ही भाषा तोंडातून धुऊन काढली जात होती, त्याच शाळांत भरतीचे अधिकारी आले. नवाहो आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुले हवीत, म्हणाले. मे १९४२ मध्ये २९ तरुणांनी शपथ घेतली. २१ वर्षांचे नेझ त्यांच्यात होते. लष्करी प्रशिक्षण संपल्यावर त्यांना सान दिएगोजवळच्या छावणीत एका खोलीत बसवले आणि सांगितले, तुमच्या भाषेतून असा संकेत तयार करा की जगात कोणाला उकलता येणार नाही.

त्यांनी तो कसा केला ते मुलांना वाचून दाखवण्यासारखे आहे. नुसती नवाहो बोलणे पुरेसे नव्हते, कारण उद्या एखादा नवाहो शत्रूच्या हाती लागला तर? म्हणून दोन कुलपे केली. पहिले कुलूप अक्षरांचे. इंग्रजी ए म्हणजे अँट, मुंगी, नवाहोत वोल-ला-ची. बी म्हणजे बेअर, अस्वल, शुश. सी म्हणजे कॅट, मांजर, मोआसी. आता "कॅब" हा शब्द पाठवायचा तर म्हणायचे, मोआसी, वोल-ला-ची, शुश. ऐकणाऱ्याला नवाहो येत असली तरी कानावर पडणार मांजर, मुंगी, अस्वल! दुसरे कुलूप लढाईतल्या वस्तूंचे. रणगाड्याला शब्द नव्हता, तेव्हा त्याला कासव म्हटले. पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा. झेप घेऊन बॉम्ब टाकणारे विमान म्हणजे ससाणा, लहान लढाऊ विमान म्हणजे गुंजनपक्षी, बॉम्ब म्हणजे अंडी, हातबॉम्ब म्हणजे बटाटे. आणि अमेरिकेला त्यांनी शब्द दिला "आमची आई". ज्या सरकारने मेंढ्या जाळल्या त्याच्या देशाला! आम्ही या ओळीवर बराच वेळ थांबलो.

सुरुवातीला असे दोनशेच्या वर शब्द होते, युद्ध संपेपर्यंत ते चारशेच्या वर गेले. एकच अक्षर वारंवार आले तर शत्रूला धागा सापडतो, म्हणून ए साठी मुंगीबरोबर सफरचंद आणि कुऱ्हाडही आली. कागदावर काही न्यायचे नाही, सगळे पाठ. ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या सारे तोंडीच चालत आले, त्यांना ते अवघड गेले नाही. हाफिज मुले घरात पाहिलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. यंत्राने ज्या तीन ओळींच्या संदेशाला अर्धा तास लागे, तो ही मुले वीस सेकंदांत पोचवत आणि उकलत.

दुसऱ्या कुलपाची परीक्षा लवकरच झाली. फिलिपिन्समध्ये जो कियूमिया नावाचा एक नवाहो सैनिक जपान्यांच्या कैदेत पडला होता. त्याला या संकेताची काहीच माहिती नव्हती. जपान्यांनी रेडिओवरचे शब्द ऐकवून त्याचे हाल हाल केले. त्याला शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता.

नोव्हेंबर १९४२ मध्ये नेझ ग्वाडलकॅनाल बेटावर उतरले. बरोबर शाळेपासूनचा सोबती रॉय बेगे. रेडिओ वजनदार, हाताने दांडा फिरवून चालवायचा. एकाने फिरवायचे, दुसऱ्याने बोलायचे, आणि संदेश गेला की लगेच जागा सोडायची, कारण आवाजाच्या मागोमाग तोफगोळा येई. नेझ यांचा पहिला संदेश होता उजव्या बाजूच्या शत्रूच्या मशीनगनचा ठिकाणा कळवून ती उडवा असे सांगणारा. थोड्याच वेळात ती उडाली. तिथून बोगनव्हिल, ग्वाम, अंगौर, पेलेलिऊ अशी बेटामागून बेटे झाली. एकदा तर स्वतःच्याच बाजूच्या सैनिकांनी त्यांना वेषांतर केलेला जपानी समजून डोक्याला पिस्तूल लावले. गणवेश अमेरिकेचा होता, पण तोंडवळा पाहून तो खोटा ठरला.

पुढे नवाहो संदेशकांची संख्या चारशेच्या आसपास गेली. १९४५ मध्ये इवो जिमाच्या लढाईत पहिल्या दोन दिवसांत सहा जणांनी आठशेहून अधिक संदेश एकही चूक न करता पाठवले. जपान्यांना हा संकेत शेवटपर्यंत उकलला नाही.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. युद्धाच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगायची आम्हाला हौस नाही. ही अंडी आणि बटाटे ज्यांच्यावर पडले तीही कोणाची तरी लेकरे होती. ते नेझ यांनाही कळत होते. घरी आल्यावर मेलेले जपानी त्यांच्या स्वप्नात येत. झोप उडाली, तेव्हा घरच्यांनी जमातीच्या रीतीप्रमाणे त्यांच्यासाठी कित्येक दिवसांचा विधी केला. त्यांची उपासना आपली नव्हे, पण पोराच्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून सारे कुटुंब बसून राहते, हे आपल्याला परके नाही.

घरी येताना त्यांना बजावले होते, हे कोणाला सांगायचे नाही. संकेत पुन्हा लागेल. नेझ यांनी ती अमानत सांभाळली. बाप, बायको, मुले, कोणालाच सांगितले नाही. गणवेश घालून ते ओळखपत्र काढायला सरकारी कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनाने ऐकवले की तू या देशाचा पुरता नागरिक नाहीस, तुला मत नाही. नागरिकत्व १९२४ च्या कायद्याने मिळाले होते. पण न्यू मेक्सिको राज्य आदिवासींना मतदान करू देत नव्हते. मिगेल त्रुहियो नावाच्या दुसऱ्या एका आदिवासी माजी सैनिकाने कोर्टात जाऊन ते १९४८ मध्ये मिळवले.

१९४८ म्हटले की आपल्या जुन्या घरांत आजही आवाज खाली येतो. त्या वर्षीचे सगळे इथे लिहीत नाही. भाषेपुरते मात्र खरे बोलले पाहिजे. त्याआधी परभणी निजामाच्या राज्यात होती. कोर्ट-कचेरी उर्दूत, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत, १९१८ मध्ये निघालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे. जिंतूर-पाथरीच्या मराठी मुलाला पुढे शिकायचे तर आईची भाषा उंबऱ्यावर ठेवून जावे लागे. तेव्हा ओझे त्यांच्यावर होते. मग पारडे फिरले आणि उर्दूतल्या सनदा घेऊन फिरणाऱ्या आपल्या आजोबांना कचेरीत कोणी विचारेना. आता दोघांचीही नातवंडे एकाच बाकावर बसून इंग्रजीसाठी दंड भरतात. कुरआनातल्या सूरह रूममध्ये भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांमध्ये गणले आहे. दंडाच्या वहीत त्याच निशाणीची नोंद पाच रुपयांनी होते.

इंग्रजी शिकू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. नेझ यांना इंग्रजी येत नसती तर त्यांना कोणी विचारले नसते. दोन भाषांमध्ये पूल बांधणारा माणूस हवा होता, आणि पुलाला दोन्ही काठ लागतात.

१९६८ मध्ये सरकारने हे गुपित उघडे केले. २६ जुलै २००१ रोजी वॉशिंग्टनमध्ये पहिल्या २९ जणांना सुवर्णपदके दिली गेली, तेव्हा त्यातले पाचच हयात होते. नेझ समारंभाला हजर होते. चित्रकला शिकायला ते कॅन्सस विद्यापीठात गेले होते, पण पैसे संपले आणि पदवी राहिली. मग अल्बुकर्कच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांनी बरीच वर्षे रंगकाम केले, तिथल्या भिंतींवर चित्रे काढली. मधुमेहाने दोन्ही पाय गेले. विद्यापीठाने राहिलेली पदवी २०१२ मध्ये दिली, तेव्हा त्यांचे वय ९१ होते. ४ जून २०१४ रोजी ते गेले. त्या २९ पैकी ते शेवटचे.

ही गोष्ट आम्ही एका रात्री लाईट गेली असताना त्या मुलीला आणि तिच्या भावाला सांगितली. साबणाच्या ठिकाणी मुलगी गप्प झाली. कासव आणि लोखंडी माशापाशी दोघांनाही आपला संकेत करायचा होता. शब्द कमी पडू लागले, तेव्हा नानीला विचारणे आले. नानी आधी "मेरेकू क्या मालूम" म्हणून उठून गेली. मग स्वयंपाकघरातूनच सांगू लागली: विमान कू चील बोलो, बम कू बैंगन, फौज कू टिड्डे, और हल्लू बोलो, दुश्मन सुन लेगा. अर्ध्या तासाने पलीकडच्या खोलीतून ओरड आली की चील निकली, बैंगन गिरनेवाले हैं. अम्मी अंधारात भाजीची टोपली शोधू लागली.

पुढची पालकसभा सहामाही परीक्षेनंतर आहे. मुलीने नानीला "आओ" म्हटले आहे. नानीने अजून हौ किंवा नक्को काही सांगितलेले नाही.