कॅनव्हास परभणीचा, बाजार मुंबईचा

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्तीज लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ मधील 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ही सर्वोच्च किंमत होती. त्याआधी २०२१ मध्ये वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राला सॅफ्रनआर्टच्या लिलावात ३९.९८ कोटी रुपये मिळाले होते. हुसेन पंढरपूरचे आणि गायतोंडे नागपूरचे. त्यामुळे अशा बातम्या आल्या की सेलू, गंगाखेड किंवा जिंतूर येथे शाळेतील तास संपवून कॅनव्हाससमोर उभ्या राहणाऱ्या कलाशिक्षकालाही क्षणभर हुरूप येतो. तथापि, हे आकडे आणि परभणी जिल्ह्यातील चित्रकाराचे अर्थकारण यांचा परस्परसंबंध फारच क्षीण आहे. लिलावातील व्यवहार हा बहुधा फेरविक्रीचा असतो. हुसेन २०११ मध्ये आणि गायतोंडे २००१ मध्येच निवर्तले. जिवंत चित्रकाराची चूल पेटते ती पहिल्या विक्रीवर.

मुंबईची वाट

ही पहिली विक्री हेच मराठवाड्यातील चित्रकाराचे जुने दुखणे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले उत्साहाने बसतात. त्यांतील काही जण पुढे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात किंवा मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकतात. पदवी हाती पडल्यावर मात्र प्रश्न उरतो, चित्र विकायचे कोठे? मुंबईतील जहांगीर कलादालनात प्रदर्शनासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागते. तारीख मिळालीच, तर भाडे, चौकटी, पाचशे किलोमीटरची वाहतूक आणि मुंबईतील मुक्काम हा सारा खर्च एकही चित्र विकले जाण्यापूर्वीच करावा लागतो. दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा जोडधंदा फ्लेक्सने केव्हाच गिळंकृत केला. उरली ती शाळेतील नोकरी, आणि तीही सर्वांना मिळत नाही.

पडद्यावरचे दालन

या पार्श्वभूमीवर ऑनलाइन विक्रीचे महत्त्व नाकारता येत नाही. सॅफ्रनआर्टने २००० मध्येच इंटरनेटवरून भारतीय चित्रांचे लिलाव सुरू केले. पण तो बाजार प्रस्थापित नावांचा होता. सामान्य चित्रकारासाठी खरे दार उघडले ते २०२० च्या टाळेबंदीत. ब्रिटनमध्ये मॅथ्यू बरोज या चित्रकाराने त्या वर्षी एक साधी योजना मांडली. कलावंतांनी दोनशे पौंडांपर्यंतची चित्रे समाजमाध्यमावर थेट विकावीत आणि विक्री हजार पौंडांवर गेली की दुसऱ्या कलावंताचे दोनशे पौंडांचे काम विकत घ्यावे, अशी ही योजना होती. छोट्या किमतीच्या अस्सल चित्रालाही मोठा ग्राहकवर्ग आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

परंतु पडदा म्हणजे भिंत नव्हे. रंगाचा पोत, चित्राचा आकार आणि छटांमधील सूक्ष्म फरक छायाचित्रात हरवतात. शिवाय विक्रीस्थळे आणि कलादालने साधारणतः किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत वाटा घेतात. उदाहरणार्थ, वीस हजारांच्या चित्रावर चाळीस टक्के वाटा गेल्यास बारा हजार उरतात. त्यातून कॅनव्हास, रंग आणि वेष्टन यांचा खर्च वजा होतो. तैलचित्र पुरते वाळायला काही महिने लागतात. घाईने गुंडाळून पाठवल्यास रंग चिकटतो, उलगडताना सोलवटतो. चित्र पोहोचते, पण विश्वास तुटतो.

खरेदीदाराची धास्ती

विश्वास हाच या बाजाराचा कळीचा मुद्दा आहे. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीतील एका प्रदर्शनात स्वतः सय्यद हैदर रझा यांनाच आपल्या नावावरील बहुसंख्य चित्रे बनावट असल्याचे आढळले होते. २०११ मध्ये कोलकात्यात रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावे मांडलेल्या चित्रांबाबतही असाच प्रकार उघडकीस आला. जेथे चित्र समोर होते तेथे ही गत, तर पडद्यावर काय होईल? त्यात यंत्राने कॅनव्हासवर छापलेली प्रत, वरून ब्रशचे दोन फटकारे मारून, 'मूळ चित्र' म्हणून खपवली जाते. म्हणूनच खरेदीदाराने माध्यम, आकार, वर्ष यांची लेखी नोंद, चित्रकाराच्या सहीचे प्रमाणपत्र, पावती आणि चित्राच्या मागील बाजूचे छायाचित्र यांचा आग्रह धरला पाहिजे. जिवंत चित्रकाराचे काम घेण्यात एक मोठी सोय आहे. शंका आल्यास त्यालाच विचारता येते.

कायदा आहे, वापर नाही

चित्रकारांनीही आपले हक्क जाणून घेणे अगत्याचे आहे. चित्र विकले म्हणजे त्याचा स्वामित्वहक्क विकला असे नाही. तो लेखी करार केल्याखेरीज चित्रकाराकडेच राहतो. मोबदला घेऊन कोणाच्या मागणीवरून काढलेल्या चित्राबाबत मात्र, वेगळा करार नसल्यास, हा हक्क मागणी करणाऱ्याकडे जातो. १९५७ च्या कायद्यातील कलम ५३-अ नुसार मूळ चित्राची फेरविक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाल्यास चित्रकाराला त्यात वाटा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा दहा टक्के आहे. पण कोणते चित्र कोणाकडे गेले याची नोंदवहीच नसेल, तर हा वाटा मागायचा कोणाकडे? दरम्यान, २२ सप्टेंबर २०२५ पासून हाताने काढलेल्या चित्रांवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला. हा दिलासा स्वागतार्ह असला, तरी तो केवळ विकल्या गेलेल्या चित्रापुरताच आहे.

इंटरनेटने परभणी-मुंबई हे अंतर मिटवले. ओळखीचे अंतर मात्र त्याने मिटवलेले नाही. ते मिटवण्याची सुरुवात जिल्ह्यातच व्हावी लागेल. परभणीतील रुग्णालये, बँका, महाविद्यालये आणि नवी घरे यांच्या भिंतींवर आज छापील निसर्गचित्रे टांगलेली दिसतात. तेथे दरवर्षी एकेक जरी स्थानिक चित्र रीतसर पावती देऊन घेतले गेले, तरी चित्रकाराच्या नावे विक्रीचा इतिहास उभा राहील. दूरचा अनोळखी ग्राहक प्रथम हाच इतिहास पाहतो. ज्या चित्राला गावात भिंत मिळत नाही, त्याला जगाच्या बाजारात भाव मिळावा ही अपेक्षा कितपत रास्त आहे, याचा विचार जिल्ह्यातील रसिकांनीच करायचा आहे.