पालखीसाठी होतं ते बाराही महिने व्हावं

प्रति,
मा. नगराध्यक्ष व मुख्याधिकारी,
बारामती नगरपरिषद आणि इंदापूर नगरपरिषद



आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्कामी येते आणि सणसर, निमगाव केतकी करत इंदापूर गाठते. त्या दिवसांत आपली दोन्ही गावं थकल्या पायांची किती काळजी घेतात! रस्त्याकडेला मांडव, पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, पाय चेपून द्यायला तरणी पोरं. सत्तरी ओलांडलेली माणसं देहूपासून चालत येतात ती विठ्ठलाच्या ओढीने, आणि वाटेत विसावा मिळतो म्हणूनही. तोच विसावा मी गावातल्या म्हाताऱ्यांसाठी मागते आहे, वर्षभरासाठी.

मी पंचाहत्तरी पार केलेली बाई. सकाळी नीरा डाव्या कालव्याच्या कडेने फेरी मारते, हातपाय हलवते. पण खरा व्यायाम पुढेच असतो. दळण टाकायचं, बँकेत पासबुक भरायचं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, मंडईतून भाजी आणायची. आठवड्याला दीडशे मिनिटं चाला आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना आमच्या वयाला सांगते. आमची बरीचशी मिनिटं या कामांतच भरतात. शिवाय वाटेत माणसं भेटतात. भाजीवाली म्हणते, "मावशी, तुमची मेथी बाजूला ठेवलीय." कोणी श्रावणबाळ योजनेचा अर्ज वाचून दाखवा म्हणून थांबवतं. घरी दिवसभर एकटीने काढणाऱ्या बाईला या दोन वाक्यांसाठीही बाहेर पडावंसं वाटतं. म्हणून भाजी घरपोच मिळते, हे मला उत्तर वाटत नाही.

अडतं ते मध्येच. मंडईपासून घरापर्यंत एका दमात जाणं आता जमत नाही. बागेतल्या बाकांचं मोल आहेच, पण बाक कामाच्या वाटेवर हवा, सावलीत हवा, आणि त्याला पाठ व दोन्ही बाजूंना हात हवेत. बिनहाताच्या बाकावरून उठताना आमच्या वयाची बाई आधी पिशवी खाली ठेवते, काठी जमिनीवर रोवते, पुढे झुकते, पुन्हा मागे बसते आणि मग आधारासाठी शेजारच्याकडे बघते. हात असला की ती आपली आपण उठते. हा फरक दिसायला लहान आहे, पण त्यावरच ती उद्या बाहेर पडणार की नाही हे ठरतं.

स्वच्छतागृहाबद्दल तर बायका मोकळेपणाने बोलतच नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार जावं लागतं. वाटेत जायला जागा नाही म्हणून बाजाराच्या दिवशी ती गोळीच न घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत. हा प्रश्न सोयीचा नाही, जिवाचा आहे.

ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मोठं काम झालं ते. माझ्यासारखी बाई पैशांचा विचार न करता इंदापूरला गढीजवळ राहणाऱ्या भावाकडे जाऊन येते. परंतु घर ते स्टँड आणि तिथून भावाचा उंबरा, ही वाट एसटीच्या हातात नाही, ती आपल्या हातात आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथ किमान 1.8 मीटर मोकळा हवा. त्यावर दुचाकी लावली की काठीवाल्याला वाहनांच्या गर्दीत उतरावं लागतं. आणि आम्ही एकदा पडलो, खुब्याचं हाड मोडलं, की पुष्कळदा घराबाहेरचं आयुष्यच संपतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली वृद्धस्नेही शहरांसाठी पुस्तिका काढली, तीतही बसायच्या जागा, स्वच्छतागृहं आणि चालण्याजोगे पदपथ हेच आहे. जी गावं पालखीसाठी हे सगळं उभं करतात, त्यांना हे नवं शिकवायला नको.

एकदम सगळं मागत नाही. दोन्ही गावांत एसटी स्टँड ते मंडई ही एक वाट आधी घ्या. येत्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी वेगळी तरतूद करा. त्याआधी आपल्या अभियंत्यांना घेऊन एक दिवस सकाळी अकरा वाजता, भरलेली पिशवी हातात धरून, आमच्या चालीने आमच्याबरोबर चला. जिथे आम्ही दम खायला थांबू तिथे खडूने खूण करा, आणि बाक तिथेच बसवा.

आपली नम्र,
एक ज्येष्ठ नागरिक, बारामती