झोपायची उंची, फिरायची उंची

डिसेंबर उजाडला की चेन्नईत पहाटेचा पारा जेमतेम २०-२१ अंशांपर्यंत उतरतो आणि सकाळी फिरायला निघालेल्या मामा-मामींच्या डोक्यांवर माकडटोप्या दिसू लागतात. त्याच सुमारास इथल्या मराठी घरांमध्ये एक विषय हमखास निघतो: यंदा मुलांना बर्फ दाखवायचा. हल्ली नुसता दाखवून भागत नाही. मुलांनी फोनवर व्हिडिओ पाहिलेले असतात, त्यांना स्कीइंग करायचं असतं.

मग शोध सुरू होतो. हॉटेल किती रुपयांना, बर्फ हॉटेलच्या दारात आहे का, विमान कुठपर्यंत जातं. जाहिरातींत एक आकडा ठळक असतो, तो म्हणजे उंची. जितकं उंच तितकं भारी, असं आपण धरून चालतो. समुद्रसपाटीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा जरा वेगळ्या नजरेनं वाचायला हवा.

उंची हवी कशाला?

बर्फ पडायला आणि पडलेला टिकायला थंडी लागते. वर चढावं तशी हवा गार होते, दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंशांनी. पण एकट्या उंचीनं काम होत नाही. फ्रान्समधलं वाल थोरांस हे युरोपातलं सर्वांत उंचावरचं स्की-गाव सुमारे २,३०० मीटरवर आहे आणि आपलं उटी सुमारे २,२४० मीटरवर. फरक फक्त साठेक मीटरचा! तरी तिथे हिवाळाभर स्कीइंग चालतं आणि उटीत जानेवारीच्या पहाटे गवतावरचं दव गोठतं, एवढंच. कारण उटी विषुववृत्तापासून ११ अंशांवर आहे, वाल थोरांस ४५ अंशांवर. गुलमर्ग या दोन्हींच्या मधे, ३४ अंशांवर.

म्हणजे आपल्या देशात बर्फाची खात्री हवी असेल, तर युरोपपेक्षा जास्त उंच जावं लागतं. आणि उंच जावं तशी हवा विरळ होते. मुलांना हवा असलेला बर्फ आणि आजोबांना हवा असलेला मोकळा श्वास, या दोन्हींचा मेळ घालणं हेच ठिकाण निवडण्यातलं खरं काम.

दोन आकडे विचारा

एजंटला किंवा हॉटेलवाल्याला ‘उंची किती?’ असं विचारू नका. दोन प्रश्न विचारा: रात्री झोपणार किती उंचीवर आणि दिवसा फिरणार किती उंचीवर? उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि तो मुख्यतः रात्रीच्या मुक्कामाच्या उंचीवर अवलंबून असतो.

सहलीच्या बसमधून माउंट टिटलिस पाहून आलेले अनेक जण ‘आम्हाला काही झालं नाही’ असं सांगतात. ते खरंच आहे. रोपवेनं माणूस तिथे सुमारे ३,००० मीटरवर जातो, तास-दोन तास थांबतो आणि खाली येतो. पायथ्याचं एंगेलबर्ग गाव हजार मीटरच्या आसपास आहे. फिरायचं उंचावर आणि झोपायचं खाली, ही सोय तिथे आपसूक होते. आपल्याकडे ती ठरवून करावी लागते.

गुलमर्ग

गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या दोड्डबेट्टाइतकी (२,६३७ मीटर). दोड्डबेट्टावर जाऊन आलेल्या आजीला हे सांगितलं की तिला धीर येतो. फरक इतकाच की दोड्डबेट्टावर आपण फोटो काढून, चहा पिऊन उतरतो. गुलमर्गला रात्र काढायची असते आणि जानेवारीत पारा उणे दहाच्याही खाली जाऊ शकतो. या उंचीवर हवेचा दाब चेन्नईच्या साधारण ७२ टक्के असतो. गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यानं अफरवतला, सुमारे ३,९५० मीटरवर गेलात, की तो ६१-६२ टक्क्यांवर येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पहिल्यांदा स्की पायात बांधणाऱ्याला अफरवतची गरजच नाही. शिकायचे सौम्य उतार गुलमर्गच्या मैदानालगत आहेत. पहिले दोन दिवस पडण्यात आणि उठण्यात तिथेच जातात. वरचे उतार कसलेल्या स्कीअरचे आहेत आणि तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीअर हिमस्खलनात दगावले. प्रवाशांसाठी गंडोलाचा पहिला टप्पा, कोंगदूरीपर्यंत सुमारे ३,०८० मीटरचा, पुरेसा सुंदर आहे. तिकिटं ऑनलाइन आधी काढावी लागतात आणि वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो, हेही ध्यानात ठेवा.

गुलमर्गची मोठी सोय म्हणजे श्रीनगर. ते सुमारे १,५८५ मीटरवर आणि पन्नासेक किलोमीटरवर आहे. पहिल्या दोन रात्री तिथे काढल्या तर शरीराला सवय होते. त्रास झाला तर त्याच दिवशी खाली येता येतं; मोठी रुग्णालयंही तिथेच. मात्र हिवाळ्यात तंगमर्गपासूनच्या शेवटच्या तेरा किलोमीटरसाठी चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या लागतात आणि जोरदार बर्फात रस्ता बंद होऊ शकतो.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनला २६ जणांचे प्राण गेले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. घरातल्या कुणाचा जीव तिकडे जायला धजत नसेल, तर त्याला भित्रा म्हणू नका. ज्यांना जायचं आहे त्यांनी त्या वेळच्या सरकारी सूचना पाहाव्यात आणि रद्द करता येईल असंच बुकिंग करावं.

औली आणि मनाली

औलीचे उतार सुमारे २,५०० ते ३,००० मीटरवर आहेत आणि समोर नंदादेवी दिसते. पायथ्याचं जोशीमठ (आता ज्योतिर्मठ) १,९०० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा तिथे झोपून दिवसा वर जाता येतं. आजी-आजोबांना तिथलं नृसिंह मंदिरही ओढ लावतं. पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले आणि तिथून औलीला जाणारा रोपवे थांबवण्यात आला. निघण्यापूर्वी ताजी चौकशी हवीच. शिवाय देहरादूनच्या विमानतळापासून जवळजवळ २७० किलोमीटरचा घाटरस्ता आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी वाटेत एक मुक्काम धरावा.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर, म्हणजे उटीपेक्षाही खाली. झोपायला सर्वांत सोयीचं हेच. सोलंगचे उतार तेरा-चौदा किलोमीटरवर आहेत. अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला, ३,१०० मीटरच्या आसपास, जाऊन संध्याकाळी परतता येतं. उणी बाजू अशी की सोलंगला डिसेंबरात बर्फ असेलच असं नाही, आणि सुट्टीच्या दिवसांत मनालीचा रस्ता म्हणजे आपली संध्याकाळची माउंट रोड!

नाताळ की पोंगल?

शाळेची सुट्टी नाताळात लांब असते, पोंगलला आखूड. बर्फाचं वेळापत्रक उलटं आहे. काश्मीरमधला कडाक्याचा चिल्ला-इ-कलान २१ डिसेंबरला सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. भरवशाचा बर्फ साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्यालाही आता पूर्वीची खात्री नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी तिथले ‘खेलो इंडिया’ हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. नाताळालाच जायचं असेल तर मुलांना ‘बर्फ मिळेलच’ असं वचन देऊ नका.

‘पैसे भरलेत ना, मग चला!’

सहलीतलं सर्वांत धोक्याचं वाक्य हेच. चेन्नईहून पाच जणांचं कुटुंब बर्फात जायचं म्हणजे विमान, हॉटेल, गाडी, भाड्याचे बूट मिळून वर्षभराची शिल्लक लागते. हे घरातल्या मोठ्यांना पुरतं ठाऊक असतं. म्हणूनच आजोबांचं डोकं ठणकत असलं तरी ते बोलत नाहीत. मुलांचा विरस नको, म्हणून आजी मळमळ गिळून गंडोलात बसते.

डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणं ही उंचीच्या त्रासाची सुरुवात. लहान मुलाला हे सांगता येत नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. आराम पडला नाही तर खाली यायचं. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरून रुग्णालय गाठायचं. हृदयविकार, दमा, कमी हिमोग्लोबिन असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी बुकिंगआधीच डॉक्टरांना विचारावं. डायमॉक्सची गोळीही कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये.

घरातून निघण्यापूर्वीच सगळ्यांसमोर ठरवा: ज्याला बरं वाटत नाही त्यानं लगेच सांगायचं, आणि त्याच्यासोबत खाली कोण येणार हेही आधीच पक्कं. वाया गेलेल्या तिकिटाबद्दल कुणी एक शब्द काढायचा नाही.

बॅग भरताना

स्वेटर सगळेच घेतात, गॉगल विसरतात. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, त्यामुळे गॉगल आणि सनस्क्रीन मुलांनाही हवं. जम्मू-काश्मीरबाहेरची प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत. घरात निदान एक पोस्टपेड नंबर असू द्या. प्रवासविमा घेताना स्कीइंगची दुखापत त्यात धरली आहे का, हे वाचून घ्या, कारण पुष्कळ पॉलिसींत ती वगळलेली असते.

आज रात्री जेवताना नकाशा उघडाल, तेव्हा ‘बर्फ कुठे जास्त?’ यापासून सुरुवात करू नका. घरात ज्याचा श्वास सर्वांत नाजूक आहे, तो रात्री कुठे झोपणार हे आधी ठरवा. त्याची झोप सुखाची झाली की मुलांना घसरायला बर्फ जवळपासच सापडतो.