मुखवटा: पुस्तकातला आणि नाचातला

मुखवट्यांची ओळख करून देणारी पुस्तके आपल्याकडे 'परिचयपर' समजली जातात आणि म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतात. ही सवय घातक आहे. वस्तूचा कोणता भाग दाखवायचा, कोणता गाळायचा, चित्राखाली काय छापायचे, हे ठरवताना असे पुस्तक एक सिद्धान्तच गृहीत धरत असते. तो उघडपणे मांडलेला नसल्यामुळे तपासला जात नाही, एवढेच.

जगभरच्या अशा पुस्तकांचा साचा आफ्रिकी मुखवट्यांवरील लेखनातून घडला. कार्ल आइनस्टाइन यांच्या 'नेगरप्लास्टिक' (१९१५) या ग्रंथाने आफ्रिकी शिल्पाकडे कला म्हणून पाहण्याची दृष्टी युरोपला दिली. त्यातील घनता आणि अवकाशरचना यांचे विश्लेषण आजही वाचनीय आहे. परंतु त्यातील शंभराहून अधिक छायाचित्रांखाली स्थळ, काळ, उपयोग यांपैकी काहीही नव्हते. काही वस्तू तर आफ्रिकेच्या नसून ओशनियाच्या होत्या. चेहरा उरला, वेष, वाद्य, नाच आणि तो धारण करणारा माणूस गळाला. स्वतः आइनस्टाइन यांनी १९२१ च्या दुसऱ्या पुस्तकात वस्तूंच्या मूळ संदर्भांकडे लक्ष दिले. रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी 'आफ्रिकन आर्ट इन मोशन' (१९७४) मध्ये शिल्प आणि नृत्य यांचा एकत्र विचार केला; सिडनी कासफिर यांनी १९८४ साली 'एक जमात, एक शैली' हे समीकरणच प्रश्नांकित केले. तिकडे ही दुरुस्ती होत असता आपली परिचयपर पुस्तके बहुधा १९१५ च्या पानावरच थांबली आहेत.

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याचे उदाहरण घ्यावे. होळीनंतरच्या काळात, अनेक रात्री चालणाऱ्या या उत्सवात वारली, कोकणा, महादेव कोळी आदी समाजांचे लोक गणपतीपासून रावण, नरसिंह, जगदंबेपर्यंतची सोंगे टेंभ्यांच्या उजेडात, वाद्यांच्या तालावर नाचवतात. मुखवटे लाकडाचे वा कागदाच्या लगद्याचे असतात. विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे परंपरेने चालत येतो. पुस्तकात मात्र एका पानावर एक मुखवटा आणि खाली 'आदिवासी मुखवटा' ही दोन शब्दांची पाटी. करणाऱ्याचे नाव नाही, नाचणाऱ्याचे नाही, सोंगाचेही नाही.

हा प्रश्न केवळ ग्रंथनिर्मितीचा नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत राज्यभरातून माणसे आली. त्यांची मुले आमच्या पदव्युत्तर वर्गांत बसतात. मोखाडा तालुक्यातून चाकणला आलेल्या कुटुंबातील एका विद्यार्थ्याने लोककलेवरील प्रश्नाच्या उत्तरात सोंगांचा क्रम, त्यांचे मान, वाजवणाऱ्यांची जागा असे सारे लिहिले. नेमलेल्या पुस्तकातील वर्गीकरण तेवढे लिहिले नाही. उत्तरपत्रिका प्रस्तुत लेखकानेच तपासली आणि गुण कापले. पुस्तक प्रमाण ठरले आणि ज्याच्या घरात ते सोंग आहे तो अपुऱ्या तयारीचा ठरला. ही चूक वैयक्तिक होती, पण ती करण्याचे प्रशिक्षण आपल्या अभ्यासक्रमाने दिले होते.

या अंधत्वाला आपली परिभाषाही जबाबदार आहे. मराठी समीक्षेत 'मुखवटा' म्हणजे खोटेपणा: पात्राचा मुखवटा गळून पडतो आणि 'खरा' चेहरा दिसतो. हा अर्थ सर्वस्वी आयात आहे असे म्हणता येणार नाही. ढोंग या अर्थी 'सोंग' संतवाङ्मयातही येते. पण भाषेत दुसरा अर्थही तितकाच जिवंत आहे. भाद्रपदात निगडी-भोसरीच्या सदनिकांतून गौरी येतात त्या मुखवट्यांच्या रूपाने. आवाहनानंतर तो चेहरा गौरीच असतो आणि विसर्जनानंतर तोच पुढील वर्षासाठी पेटीत जातो. खंडोबा-भैरवनाथाच्या यात्रांत पालखीतून अनेकदा देवाचा मुखवटाच निघतो. येथे मुखवटा काही झाकत नाही. जे एरवी समोर नसते त्याला तो विशिष्ट काळापुरते समोर आणतो. मुखवट्याची ही उपस्थितीची कल्पना आपल्या समीक्षेने संज्ञेच्या पातळीवर कधी घडवलीच नाही. देशीवादाची एवढी चर्चा होऊनही घरच्या या शब्दाचा अर्धा अर्थ बाहेरच राहावा, हे चिंताजनक आहे.

यावर आक्षेप येईल की पुस्तक नाचू शकत नाही. छापील पानाची ती मर्यादाच आहे. मर्यादा मान्य. परंतु मुखवटा कोणी केला, कोणत्या घराचा मान, कोणत्या रात्री, कोणत्या सोंगानंतर, कोणत्या तालावर, आणि त्या लोकांच्या बोलीत त्याला काय म्हणतात, या गोष्टी छापायला पानाची कोणतीच अडचण नाही. अडचण आहे ती विचारण्याची. ज्यांना विचारायचे ते आता दूरही नाहीत. कित्येक जण सकाळच्या पाळीला चाकणला जातात.

म्हणून मागणी मर्यादित आहे. अशी पुस्तके नेमताना त्यांची समीक्षा ग्रंथ म्हणून व्हावी. निनावी पाटी ही संपादकीय त्रुटी नव्हे तर भूमिका आहे, असे मानून तिचा जाब विचारला जावा. आणि त्या विद्यार्थ्याचे उत्तर पुस्तकाशी न जुळल्यास आधी पुस्तक तपासावे, मग उत्तरपत्रिका.