कॉलेज कट्टा : चार दिवसांची सुट्टी



कॉलेजची दिवाळीची सुट्टी कागदावर भरपूर असते. त्यातून साफसफाई, फराळ, पाहुणे आणि परीक्षेचा अभ्यास वजा केला की हातात उरतात चार दिवस. गोव्याचा प्लॅन नेहमीप्रमाणे व्हॉट्सॲप ग्रुपवरच राहिला. मग आम्ही पाच जणी लाभपाचमीनंतर गेलो कामरेजजवळ, मैत्रिणीच्या शेतावर. सुरतपासून जेमतेम वीस किलोमीटर!

पाच जणींत दोघी सौराष्ट्रातल्या, एक पांडेसऱ्याची ओडिया, एक तिथलीच आणि मी खान्देशी. त्यामुळे आमची भाषा म्हणजे भेळच. मैत्रिणीच्या बांनी पहिल्याच रात्री रोटला आणि रींगणांचा ओळो वाढला. ओळो म्हणजे आपल्या भरिताचा गुजराती चुलतभाऊ. चार घास खाल्ले आणि मला आजीची आठवण आली.

कामरेज म्हटलं की आपल्याला हायवेचा ट्रॅफिक आठवतो. पण आत वळलं की तापी आहे आणि नजर पोचेल तिथवर ऊस. ही तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि जळगाव, धुळे, नंदुरबार करत उकाईच्या धरणातून इथे येते. माझी आजी साक्री तालुक्यातली. तिथली पांझरा तापीलाच मिळते. म्हणजे आजीच्या गावचं पाणी आमच्या आधीच कामरेजला पोचलेलं!

पाण्यासारखी माणसंही येतात, हे तिसऱ्या दिवशी कळलं. शेतापलीकडे ऊसतोड मजुरांचा पडाव नुकताच पडला होता. बांबू, प्लास्टिकचा कागद, तीन दगडांची चूल. झोपडीबाहेर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती. मैत्रिणींनी गुजरातीत विचारलं, हिंदीत विचारलं. ती नुसतीच बघत राहिली. मी आजीसारखं विचारलं, "तुनं नाव काय शे?" आणि ती खुदकन हसली. मग बोलायची थांबेचना. ती साक्रीकडचीच निघाली. चौथीत आहे. पुस्तकं घरीच राहिली. परत कधी जाणार? "उन्हाळामा," तिची आई म्हणाली.

आमची सुट्टी चार दिवसांची, तिची सहा महिन्यांची. आणि तिने ती मागितलेलीही नाही.

दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी धुळे, नंदुरबार आणि डांगमधली कुटुंबं दर वर्षी दिवाळीच्या सुमारास निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मजुरी टनावर, आणि उचल आधीच घेतलेली. दोघंही पहाटेपासून फडात, मग धाकट्याला सांभाळणार कोण? मोठी बहीण. जवळ शाळा असली तरी ती गुजराती माध्यमाची आणि हिचं शिक्षण मराठीतून. वर्षाच्या मध्येच वर्गात बसवलं तरी फळ्यावरचं वाचणार कसं?

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसेल. सुरत शहर इंग्रजांचं होतं, पण कामरेज बडोद्याच्या गायकवाडांचं, नवसारी प्रांतात. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. म्हणजे मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे, असा कायदा कामरेजच्या या मातीत शंभर वर्षांहून जुना आहे. देशभराचा शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे, गाव बदललं तरी. महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे, म्हणजे आईवडील ऊसतोडीला गेले तरी मुलं गावात राहून शिकू शकतात. पण धाकटा भाऊ कडेवर असेल तर ताई गावात कशी राहणार?

हे सगळं आपण सोडवू, असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी इथल्या शाळेकडे नाही : आपल्याला त्या मुलांची भाषा येते. कुणाला मराठी, कुणाला थोडी अहिराणी. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर मोफत उतरवून घेता येतात. प्रिंट काढायला एका पिझ्झ्याएवढाही खर्च येत नाही. जवळच्या पडावावर रविवारचे दोन तास, मुकादमाशी आणि आईवडिलांशी आधी बोलून, चार पानं वाचून घेतली तर उन्हाळ्यात परत गेल्यावर ती मुलं वर्गात अगदीच परकी होणार नाहीत.

आम्ही पाच जणींनी रविवार वाटून घेतलेत. ओडिया मैत्रीण गणित शिकवणार, कारण बेरजेला भाषा फारशी लागत नाही. मराठी वाचनाला मात्र मी एकटीच आहे. साक्री, नवापूर, शिरपूर... ज्यांच्या आजी-आजोबांचं गाव तिकडे आहे, त्यांनी मंडळात निरोप ठेवा. आणि अहिराणी विसरला असाल तर आधी आजीला फोन करा. ती पण खूश होईल!