एक सकाळ सायकलींची

दरवर्षी शाळा सुरू झाली की मी नववीच्या वर्गाला एक निबंध लिहायला देते. विषय साधाच असतो : 'मला जावेसे वाटणारे ठिकाण'. कोणी ताजमहालाविषयी लिहितो, कोणी काश्मीरविषयी. एका वर्षी एका मुलाने फक्त चार ओळी लिहिल्या. त्याला सायकलवरून बारवी धरणावर जायचे होते. शेवटच्या ओळीत त्याने लिहिले होते, "पण अब्बा म्हणतात, रस्त्यावर ट्रक आहेत."

निबंध लहान होता म्हणून मी त्याला गुण कमी दिले. पुढे कितीतरी दिवस ती शेवटची ओळ माझ्या मनातून गेली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपण कुठे राहतो ते एकदा नीट पाहा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे रेल्वेमार्गाला लागून एकापुढे एक वसली आहेत. घरे दाटीची, गल्ल्या अरुंद आणि रस्ते वाहनांनी भरलेले. पण गच्चीवर चढून पाहिले, की मलंगगड दिसतो. बदलापूरच्या बाजूला तावली, चंदेरी आणि थेट माथेरानपर्यंत गेलेली डोंगरांची रांग दिसते. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता मुळगाव मागे टाकतो आणि हळूहळू झाडीत शिरतो. या भागात ठाकूर आणि कातकरी लोकांचे पाडे आहेत. पावसाळ्यात तेथील बायका शेवळे, कंटोळी अशा रानभाज्या घेऊन बाजारात येतात. उल्हासनगरच्या कितीतरी घरांत बारवी धरणाचे पाणी येते. ते पाणी आपण रोज पितो, पण "हे धरण कोणी पाहिले आहे?" असे मी वर्गात विचारले, तेव्हा सातच हात वर झाले.

कोणी म्हणेल, मोटारीने जा आणि पाहून या. मोटारीने धरण दिसेल, पण वाट कळणार नाही. सायकलवर चढ लागला की तो पायांना समजतो. धाप लागते, आपण उतरतो, सायकल हातात धरून चालतो. तेवढ्यात झाडावरचा पक्षी ऐकू येतो. शेतात भात लावणारी माणसे दिसतात आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलता येतात. सायकलला पेट्रोल लागत नाही. ती धूर सोडत नाही आणि कर्णा वाजवून कोणाची झोप मोडत नाही. गरिबाच्या मुलालाही डोंगरापर्यंत नेणारे हे वाहन आहे.

मग अडचण कशाची आहे? ती सायकलची नाही, तिच्या शेजारून धावणाऱ्या वाहनांची आहे. विज्ञानाच्या तासाला तुम्ही गतिज ऊर्जा शिकता. वाहनाचा वेग दुप्पट झाला, की त्याची ऊर्जा चौपट होते. म्हणून ब्रेक दाबल्यानंतर थांबायलाही त्याला चौपट अंतर लागते. डोंगरातल्या वळणावर समोरचे दिसत नाही. तेथे वेगाने येणाऱ्या ट्रकला एखादे मूल दिसले, तरी थांबायला जागा उरत नाही. आईवडिलांनी हे गणित वहीत मांडलेले नसते. पण त्यांना ते पक्के ठाऊक असते.

मलाही ते लहानपणीच कळले. मी आठवीत असताना अब्बांनी मला एक जुनी सायकल घेऊन दिली होती. काही महिने मी ती रोज चालवली. एके दिवशी एक टँकर इतक्या जवळून गेला, की मी घाबरून रस्त्याच्या कडेला पडले. गुडघा फुटला, बाकी काही झाले नाही. पण सायकल जिन्याखाली गेली, ती पुन्हा बाहेर आलीच नाही. माझ्या भावाची सायकल मात्र सुरूच राहिली. मुलींच्या बाबतीत असेच होते. रस्ता धोक्याचा झाला, की घरात सर्वांत आधी मुलीची सायकल बंद होते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींना आजही सायकल येत नाही. शिकायला त्यांना जागाच मिळालेली नाही.

माझे मत असे आहे, की आठवड्यातून एक दिवस, रविवारी सकाळी सहा ते नऊ, बारवीचा रस्ता मोटारींसाठी बंद ठेवावा. ते तीन तास सायकलींचे आणि पायी चालणाऱ्यांचे असावेत.

ही कल्पना काही नवी नाही. कोलंबिया देशातील बोगोटा शहर उंच डोंगराळ प्रदेशात वसलेले आहे. तेथे 1974 साली काही रस्ते मोटारींसाठी बंद ठेवून सायकलींना मोकळे करण्यात आले. आज तेथे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी शंभर किलोमीटरहून अधिक रस्ते सकाळपासून दुपारपर्यंत सायकलस्वारांसाठी राखलेले असतात. आपल्या देशात गुडगावात 2013 साली 'राहगिरी' या नावाने असाच उपक्रम सुरू झाला. 'रस्ता' हा शब्द मराठीने फारसीतून घेतला आणि 'राह' हा शब्द उर्दूने. दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत.

इतके दूर तरी कशाला जायचे? बदलापूरच्या पुढे वांगणी, शेलू आणि मग नेरळ. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. ती 1907 साली सुरू झाली. माथेरानला जाणाऱ्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, गावात जात नाहीत. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. 2022 च्या डिसेंबरमध्ये तेथे न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. त्यामागे हेतू हा, की माणसाने माणसाला ओढण्याचे कष्ट संपावेत. रुग्णवाहिकेला तर पूर्वीपासून मुभा आहे. म्हणजे मोटारींना बंदी घालूनही गरजेची सोय करता येते. एका डोंगरावर हे बारा महिने चालते, तर दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी आठवड्यातून तीन तास का चालू नये?

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. रस्त्याकडेच्या गावांनी काय करावे? त्यांना दूध पोहोचवायचे असते, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असते, कामावर जायचे असते. शहरातल्या मुलांच्या हौसेसाठी खेड्यातल्या माणसाची अडवणूक होता कामा नये. म्हणून रुग्णवाहिका, एस.टी., दुधाच्या गाड्या आणि गावकऱ्यांची वाहने यांना मोकळीक हवी. त्यांनी त्या वेळेत हळू जावे, एवढीच विनंती. सहलीच्या मोटारी आणि मालाचे ट्रक मात्र नऊपर्यंत थांबू शकतात. शिवाय सायकलवरून आलेला मुलगा वाटेत थांबतो, पाडावरच्या आजीकडून जांभळे आणि करवंदे विकत घेतो. भरधाव मोटार तिच्यासमोर थांबत नाही. परंतु हे ठरवताना गावकऱ्यांना आधी विचारले पाहिजे. त्यांचा होकार नसेल, तर ही सकाळ आपली नाही.

आपलीही काही कर्तव्ये आहेत. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. रांगेने चालावे. पाण्याची बाटली सोबत न्यावी आणि ती परत आणावी. धरणाच्या आणि धबधब्याच्या पाण्यात उतरू नये. ज्याच्याकडे सायकल नाही, त्याला आपल्या सायकलवर एक फेरी द्यावी.

आता शेवटची गोष्ट. तुमच्यापैकी काहीजण मला विचारतात, "टीचर, आम्ही मराठी कशासाठी शिकायची?" त्याचे एक उत्तर येथे आहे. तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा, तर तो मराठीत लिहावा लागेल. पाड्यावरच्या आजीला विचारायचे, तर तेही मराठीतच. या वर्षी नववीच्या वर्गाला मी निबंधाऐवजी हा अर्ज लिहायला देणार आहे. चार ओळींचा असला, तरी चालेल. त्याचे गुण मी कापणार नाही.