तांडेलाच्या ‘नाही’चेही पैसे द्या

थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांसाठी व्हिसाची अट काढून टाकली आणि आमच्या डोंबिवली पश्चिमेतल्या सुट्टीच्या गप्पा बदलल्या. आधी गणपतीपुळे, तारकर्ली, फार तर गोवा. आता क्राबी, फुकेत, फी फी. चुनखडीचे उभे कडे, त्यांच्या पोटात लपलेली हिरव्या पाण्याची तळी, डोकं वाकवून शिरावं लागतं अशा समुद्रगुहा. जाऊन आलेला प्रत्येक जण पुढच्याला एकच सल्ला देतो : त्या गर्दीच्या स्पीडबोटीत कोंबून घेऊ नका, दोन-तीन घरं मिळून स्वतंत्र बोट करा.

सल्ला चांगला आहे, मीही तोच देते. फक्त ही बोट कशासाठी करायची, याचा आपला हिशेब चुकतो. स्वतंत्र बोट म्हणजे दिवसभरात जास्त बेटं, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं उलट आहे. जास्तीचे पैसे आपण थांबण्यासाठी देतो आणि वेळ पडली तर परत फिरण्यासाठी देतो. ज्यांना थांबायचंही नाही आणि परतायचंही नाही, त्यांनी खुशाल गर्दीच्या बोटीत बसावं. स्वस्त पडेल.

माझं माहेर निवतीजवळचं. थोरले मामा तांडेल होते. त्यामुळे क्राबीला आमच्या सोसायटीतल्या मंडळींबरोबर गेले तेव्हा बेटांइतकंच माझं लक्ष बोटवाल्याकडे होतं. लांबलचक दांड्याच्या टोकाला पंखा लावलेली लाकडी होडी, नाळेला फुलांच्या माळा आणि रंगीत फडकी, मागे पन्नाशीचा एक शांत माणूस. सहलीच्या पत्रकात ‘सात बेटं’ छापलेलं होतं. त्यातलं एक को हाँग. या बेटाच्या आत कड्यांनी वेढलेलं एक तळं आहे आणि समुद्राचं पाणी एका अरुंद, उथळ तोंडातून तिथे ये-जा करतं. भरतीला होडी अलगद आत जाते, ओहोटीला तोंडाशीच तळ लागतो. आम्ही पोचलो ऐन ओहोटीला. बोटवाल्याने पाण्याकडे पाहिलं, मान हलवली, घड्याळावर बोट ठेवून दोन तास थांबायची खूण केली आणि बाहेरची पुळण दाखवली.

आमच्यात लगेच चर्चा सुरू झाली. दोन तास थांबलो तर पुढची दोन बेटं जाणार. पैसे तर सातांचे भरलेत. मग बहुमताने पुढे निघालो. सात ठिकाणी उतरलो, सात ठिकाणी फोटो काढले आणि ज्या तळ्यासाठी बोट केली होती ते तेवढं पाहिलं नाही. संध्याकाळी एजंटाकडे तक्रार गेली आणि त्याने तोडगा काढला : बोटवाल्याचे थोडे पैसे कापून तुम्हाला परत देतो. बहुतेकांनी ते घेतले. मी घेतले नाहीत, पण त्याने काही फरक पडला नाही. जो माणूस बरोबर बोलला होता त्याच्याच खिशाला चाट बसली. पुढच्या वेळी ओहोटीत होडी खडकावर घासायची वेळ आली, तरी तो मान हलवायच्या आधी दोनदा विचार करील. हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे.

त्याने जे सांगितलं त्यात परदेशी असं काही नव्हतं. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा आमच्या मोठागाव रेतीबंदरावर एखाद्या जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारा. तो मोबाइल काढणार नाही, तिथी विचारील. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. खाडीच्या आत, डोंबिवली-कल्याणकडे, पाणी चढायला आणखी वेळ. भरती रोज पाऊण ते एक तास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. क्राबीत घड्याळातला आकडा वेगळा निघेल, पण नियम तोच राहील, कारण चंद्र तोच आहे.

गुहांचं गणित तर आणखी कडक. फांग-न्गा उपसागरातल्या गुहांत पाणी फार चढलं तर डोकं छताला लागतं, फार उतरलं तर कयाक खडकावर बसते. मधली वेळ तेवढी मोकळी. त्रांग प्रांतात को मूक बेटावर पाचूची गुहा म्हणून एक जागा आहे. सुमारे ८० मीटर काळोखातून पोहत गेलं की पलीकडे कड्यांच्या मधोमध छोटी पुळण लागते. अशा ठिकाणी ‘आमची तीनची वेळ आहे’ या वाक्याला काही अर्थ नसतो. सकाळची लोकल चुकली तर आपण प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या पुढचीची वाट बघतो, मोटरमनशी भांडायला जात नाही. भरतीचंही वेळापत्रक आहे, आणि ते लोकलपेक्षा कितीतरी भरवशाचं आहे.

गुहेबाहेर थांबण्याला आणखी एक कारण असतं, ते मला मामांनी दाखवलं. निवती-वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचा खडकाळ बेटांचा पुंजका आहे. त्यावर दीपगृह आहे आणि तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. चिमणीएवढा हा पक्षी काळोखात स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो आणि आपल्या लाळेने खडकावर घरटं चिकटवतो. पूर्वेकडच्या देशांत या घरट्यांच्या सुपाला मोठी किंमत मिळते. म्हणून इथूनही घरटी खरवडून नेली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ती तस्करी उघडकीला आणली आणि तिथे राखणीचं काम उभं केलं. मामा कधी पाहुण्यांना त्या बाजूला घेऊन गेलेच, तर मशीन बंद करून होडी लांबच ठेवत. कुणी आत जाण्याचा हट्ट धरला तर म्हणत, ‘हयसरनाच बघा. भुतूर जावचा नाय.’ त्यांच्या आवाजात विनंती नसे.

थायलंडमध्ये फी फी ले बेटावरच्या व्हायकिंग गुहेत याच कुळातल्या पाकोळ्यांची घरटी परवान्याने काढली जातात आणि पर्यटकांनी ती गुहा बोटीतूनच बघायची असते. त्याच बेटावरचा माया बे हा किनारा ‘द बीच’ चित्रपटाने जगप्रसिद्ध केला. तिथे इतकी गर्दी झाली की जून २०१८ मध्ये सरकारने तो बंदच केला. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडला तो अटी घालून : बोटींनी बेटाच्या मागच्या बाजूला लागायचं, पर्यटकांनी चालत पलीकडे यायचं, पाण्यात पोहायचं नाही, आणि दरवर्षी पावसाळ्यात काही आठवडे किनारा बंद. बोट स्वतःची असली तरी अट तीच. किनारा बंद असताना काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परतले. पर्यटनावर जगणाऱ्या देशाने आपल्या सर्वांत कमाऊ किनाऱ्याला कुलूप लावलं आणि नंतर तो जास्त देखणा होऊन मिळाला. ‘आज नाही’ म्हणण्याने धंदा बुडतो असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता जिवाचं बोलू. आपल्या शाळांची मोठी सुट्टी मे महिन्यात येते आणि तिथेच खरी गोम आहे. अंदमान समुद्राकडचा थायलंडचा किनारा त्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या तोंडावर आहे जे पुढे आपल्याकडे येतात. तिथला चांगला हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मेच्या मध्यापासून समुद्र फिरतो. आपल्या सिंधुदुर्गातही मेअखेरीला वारा बदलतो. पण हॉटेलं भरलेली असतात, रजा मंजूर झालेली असते आणि दोनच दिवस उरलेले असतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ फिनिक्स ही बोट बुडून ४७ चिनी पर्यटकांचा मृत्यू झाला. त्या दिवशी खराब हवामानाचा इशारा होता, तरी ती बाहेर पडली होती.

अशा बातमीनंतर आपण बोटवाल्याला हावरट म्हणून मोकळे होतो. त्याच्या बाजूने जरा हिशेब मांडून बघा. बोटीवर कर्ज आहे. डिझेल रोख घ्यावं लागतं. खलाशाला रोज द्यावा लागतो. पावसाळ्यात धंदा बंद, म्हणजे हंगामाचे महिने मोजके. मधे एजंट आहे आणि एजंटाकडून पैसे मिळतात ते फेरी झाली तरच. फेरी अर्ध्यावर सोडली तर कपात. शिवाय पर्यटकांनी इंटरनेटवर एक तारा देऊन ‘बोटवाला उद्धट, आत नेलंच नाही’ असं लिहिलं की पुढच्या महिन्याचं गिऱ्हाईक पण गेलं. थोडक्यात, ‘चला’ म्हटलं की पैसे मिळतात आणि ‘नाही’ म्हटलं की दंड होतो, अशी व्यवस्था आपणच करून ठेवली आहे. मामांचं ‘नाय’ ठाम होतं याचं एक साधं कारण होतं : त्यांचं पोट मासेमारीवर चालत होतं, पाहुण्यांवर नाही. आज किनाऱ्यावरच्या कितीतरी तरुण तांडेलांचं पोट आपल्यावर चालतं, म्हणून त्यांच्या ‘नाही’चं ‘बघू या’ होतं. आणि समुद्रात ‘बघू या’ फार महाग पडतं.

पाण्याच्या वेळेप्रमाणे चालायला आपल्याला जमत नाही असंही नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून तिथे बोटीची फेरी निघते. तिच्या वेळा भरती-ओहोटी बघून ठरतात. कधी भल्या सकाळी, कधी भर दुपारी. ठाण्या-डोंबिवलीची माणसं त्या वेळा बघून आपला दिवस बसवतात, ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतात आणि निमूट रांगेत उभी राहतात. वेळ आधीच पाण्याची म्हणून सांगितलेली असते, त्यामुळे वादाचा प्रश्नच उरत नाही. तीच माणसं विमानाने चार तास लांब गेल्यावर समुद्राने आपल्या पत्रकाप्रमाणे चालावं, अशी अपेक्षा का धरतात?

यावर एक आक्षेप रास्त आहे. परत फिरल्यावरही पूर्ण पैसे मिळणार असतील तर बोटवाले आळशी होतील, ढग दिसला की धक्क्यावरच बसतील. असे लोक असतीलही. पण धक्क्यावर एकच होडी नसते. इतर दहा होड्या बाहेर असताना एकटाच घरी बसणारा चार दिवसांत उघडा पडतो आणि त्याला काम देणं थांबतं. उलट, दहाही जण बसले असतील तर आपल्याला उत्तर आपोआप मिळालं. दुसरा आक्षेप पैशांचा : मध्यमवर्गीय माणूस वर्षभर साठवतो, त्याने न झालेल्या फेरीचे पैसे का द्यावेत? कारण फेरी न होणं हाही त्या माणसाच्या कसबाचाच भाग आहे. डॉक्टर तपासून ‘ऑपरेशनची गरज नाही’ म्हणाले तर आपण त्यांची फी बुडवतो का?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या सहल कंपन्यांनी पत्रकावर बेटांची संख्या छापणं बंद करावं. त्याऐवजी त्या तारखेची भरतीची वेळ छापावी आणि बोटीसाठी एका दिवसाऐवजी दोन दिवस राखून ठेवावेत, म्हणजे आजचं उद्यावर टाकता येईल. बोटवाल्याशी करार करताना एक ओळ घालावी : हवामान किंवा पाण्यामुळे त्याने फेरी थांबवली वा अर्ध्यावर सोडली तर त्याचा एक रुपयाही कापला जाणार नाही. ही रक्कम सहलीच्या दरात आधीच धरावी. माणशी फार होणार नाही. आपल्या किनाऱ्यावर मेरीटाइम बोर्डाने परवाना देतानाच ही अट घालावी. लाइफ जॅकेट आणि प्रवासीसंख्या तपासली जाते, तसा पैशांचा व्यवहारही तपासावा, कारण जादा माणसं बोटीत बसतात ती त्या व्यवहारामुळेच.

नियम होईपर्यंत एक गोष्ट आपल्याला आजही करता येईल. बोट स्वतः ठरवत असाल, मालवणात असो की क्राबीत, तर निघण्यापूर्वीच तांडेलाला सगळ्यांसमोर सांगा की पूर्ण भाडं तुमचंच आहे, जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मग तो आकाशाकडे आणि पाण्याकडे बघून उत्तर देईल. आपल्या पाकिटाकडे बघून देणार नाही.